रविवारचा बाप

दामिनीला नवऱ्याचा राग असा कधी आलाच नाही. राग यायला समोर माणूस लागतो. नितेश असायचा तो पलंगावर, कानात इयरफोन घालून. सासू दामिनीच्या माहेराचा उद्धार करायची आणि हा मोबाइलवर क्रिकेट पाहायचा. तिला टायफॉइड झाला तेव्हा दारात उभं राहून त्याने एवढंच विचारलं होतं, चहापत्तीचा डबा कुठं असतो. त्याने कधी हात उगारला नाही, दारू प्यायला नाही, बाहेर कोणी ठेवली नाही. वकिलाला सांगावं असं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि त्या काही नसण्यातच तिचं लग्न वाळून गेलं होतं. शेवटी अंकुरला घेऊन ती अकोल्याहून अमरावतीला आईकडे आली आणि एका खासगी शाळेत शिकवू लागली.

कोर्टाने सांगितलं, दर रविवारी सकाळी मुलगा वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलेल.

मग दर रविवारी बाप यायचा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, छातीपर्यंतच. शब्द न् शब्द रेकॉर्ड होईल असं वकिलाने त्याला बजावलं असावं. जन्मभर ‘मले-तुले’शिवाय न बोललेला माणूस म्हणायचा, “बाळ अंकुर, तुझे शिक्षण कसे सुरू आहे? तुझी प्रकृती उत्तम आहे ना?” जसा काही ग्रामपंचायतीत कोणाचा सत्कार करतो आहे. सात वर्षांचा अंकुर त्या परक्या माणसाकडे जरा वेळ पाही, मग पायाच्या अंगठ्याचं नख खरवडत बसे. दामिनी कॅमेऱ्याच्या बाहेर वह्या तपासत सगळं ऐके. स्वतःच्या पोराशी बोलायलाही ह्याला दुसऱ्याची भाषा लागते, असं तिच्या मनात येई आणि लाल पेन जास्तच जोरात चाले.

मग अंकुरने तोंड उघडणंच बंद केलं. दामिनीची आई, मैनाबाई, चुलीवरच्या भाकरीइतक्या शांतपणे म्हणाली, “पोरगं मुकं बसलं तं जज मायलेच धरन. म्हनन, इनंच शिकोलं.” वकिलाने तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. फोनवर मुलगा बोलत नसेल तर समोरचे लोक त्याला महिन्यातून दोन रात्री अकोल्याला मागतील, आणि मिळतीलही.

दामिनीला तेच नको होतं. पोराला तिथं कोणी मारेल याची तिला भीती नव्हती. आधी दोन रात्री, पुढं सुट्ट्या, आणि एक दिवस त्याच पलंगावर आणखी एक नितेश पडलेला असेल. कानात इयरफोन घालून.

म्हणून पोराने बोलायला हवं होतं, पण कामापुरतं. या माणसाला विचारावं तरी काय? रस्त्यावर पडलेलं नाणं शोधावं तशी ती आपल्या संसारात शोधत बसली. एकच गोष्ट सापडली, आणि ती सापडली याचीच तिला लाज वाटली. सासरे खुशालराव फोनवर कसे बोलतात, याची नक्कल नितेश करायचा. नव्या नवलाईत ती त्यावर पोट धरून हसली होती.

रविवारी अंकुर घोकल्यासारखं म्हणाला, “पप्पा, आजोबा फोनवर कसे बोलतात ते करून दाखवा ना.”

नितेशने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आता हा वकिलाला विचारून सांगतो म्हणेल, अशी दामिनीची खात्री होती. पण त्याने फोन कानापासून हातभर लांब धरल्याचं सोंग केलं, मान वर केली आणि पार हिवरखेड गावापर्यंत फोनशिवायच आवाज जावा तसा ओरडला, “हालोऽ! कोन बोलून राह्यलं? मले आयकू नाई येऊन राह्यलं, जोरात बोल ना बे!”

तिकडच्या आतल्या खोलीतून खऱ्या खुशालरावांचा आवाज आला, “काहून बोंबलून राह्यला बे? मेलो नाई मी अजून.”

अंकुर दिवाणावर लोळला. हसता हसता त्याला ठसका लागला. पुन्हा करा म्हणाला, नितेशने पुन्हा केलं, शर्टाची इस्त्री मोडली. दामिनीने ओढणी दातांत धरली. एवढंच तर येतं याला, तिने स्वतःला सांगितलं. माकडालाही येतं. ओढणी मात्र तिने सोडली नाही.

“पप्पा,” अंकुर म्हणाला, “मी तिथं येऊ का? आजोबाच्या समोर करू आपन.”

नितेश पोराकडे पाहत नव्हता. स्क्रीनच्या कडेला, जिथं दामिनी बसलेली असणार, तिकडे पाहत होता. अंकुरनेही मान वळवली. असा प्रश्न तिने त्याला शिकवला नव्हता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि पोराचं तोंड अजून हसण्यातून पुरतं बाहेर आलं नव्हतं.

दामिनीने पेनाचं टोपण लावलं.

“शनिवारी ने म्हना,” ती कॅमेऱ्याच्या बाहेरूनच बोलली. “पन आधी चादरी धुऊन टाक म्हना. त्या घरात चादर धुवाची असते हे कोनाले मालूमच नाई.”

अकोल्याहून नितेशने विचारलं, “कोनती चादर?”

दामिनी उठली आणि कॅमेऱ्यासमोर आली.

“सगळ्या,” ती म्हणाली.