बर्फातली बाटली

कळव्याच्या बाजारातली ती कोळीण मीठ घातलेल्या बर्फात पापलेटांसोबत इन्सुलिनची बाटलीही ठेवायची. तिच्या लेकीची. घरी फ्रिज नव्हता. रोज सकाळी लेकीची लघवी नळीत औषध घालून उकळायची, रंगावरून साखर बघायची, हिरवा म्हणजे कमी, लाल म्हणजे फार, आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डोस कमी-जास्त करायचा. "आज हिरवा आला," असं ती मासे साफ करता करता खुशीत सांगायची.

मग रंग विटेसारखा लाल यायला लागला. "चार युनिट वाढवले, तरी रंग उतरत नाय," म्हणत तिने बाटली दाखवली. आत बर्फाचा खडा झाला होता. माझी आईही इन्सुलिन घ्यायची, त्यामुळे मला कळलं.

"मावशी, मिठाच्या बर्फात हे गोठतं, आणि गोठलं की औषध वाया जातं."

ती खेकसली, "बर्फान ठेवलेला कवा नासतं काय?"

मी पापलेट पिशवीत टाकून निघाले. पापलेटाच्या भावासाठी याहून जास्त भांडले असते.

पुढच्या आठवड्यात तिची जागा रिकामी होती. लेक गेली, असं शेजारची म्हणाली.

महिन्याभराने ती परत बसली. बर्फात फक्त मासे होते. एक पापलेट उचलून तिने कल्ला उघडला. आत लालभडक.

"बघ ताई, ताजा हाय. बर्फान होता."