शंकरराव कंपाउंडर आणि ती पांढरी पूड

शंकरराव कंपाउंडर गेले, त्याला आता महिना होत आला. आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले. हिरड्यांतून रक्त येत होतं, तरी पहिला प्रश्न माझ्याच पोटाविषयी. “सिस्टर, कितवा लागला?” सहावा, मी म्हणाले. “मंग त्या बाटलीला हात लावू नका. बिलकुल न्हाई. डॉक्टरसायबानं सांगितलं तरी न्हाई.” एवढं बोलूनच दमले...

ती बाटली म्हणजे मुंबईहून येणारं कॅन्सरचं नवं औषध. जालन्याच्या आमच्या दवाखान्यात ते दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं. पांढरी पूड, शंकररावांनी विरघळवायची, मी लगेच शिरेत द्यायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, हातमोजे घाला, वाफ नाकात जाऊ देऊ नका. मोजे ऑपरेशनलाच पुरत नव्हते. आणि शंकररावांचं नाक! वाटूरच्या या माणसाने वास घेतल्याशिवाय एकही औषध कधी खिडकीबाहेर जाऊ दिलं नव्हतं. चुकीची बाटली हाती आली तर नाक सांगतं, ही त्यांची जुनी रीत. “जेवणाच्या ताटाचाही असाच वास घेता का हो?” मी चिडवायची. “घेतो की. घरवाली वरडती,” म्हणत ते बाटली नाकाशी न्यायचे. मी हसत उभी राहायची, म्हणून आता राग येतो स्वतःचा.

एकदा थेंब त्यांच्या मनगटावर उडाला. दुसऱ्या दिवशी टरारून फोड आला. “भाजल्यावानी झालंय, जाईल जल्दी,” ते म्हणाले. पुढे डोळे चुरचुरू लागले, अंगावर निळे डाग उठले, रक्त आटत गेलं. औषधानेच झालं का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी मात्र रोज अंघोळ करताना अंगावर डाग शोधते. सिरिंज माझ्याच हातात असायची ना!

परवा नवी बाटली आली. वॉर्डात आष्टीची एक बाई तिची वाट पाहत होती. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, पूड विरघळवायला दुसरं कोणी नव्हतंच. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. “मला भीती वाटते, डॉक्टर,” मी म्हणाले. “बाळासाठी, आणि माझ्यासाठीही.” ते रागावले नाहीत. मला बाहेर जायला सांगून शंकररावांच्या स्टुलावर स्वतःच बसले. दाराच्या काचेतून मी पाहत होते... बाटली उघडण्याआधी डॉक्टरांनी नाकाला रुमाल बांधला.