वरच्या मजल्यावरचा फोटो

वरच्या मजल्यावरच्या मेक्सिकन बाईवर माझा आधीपासूनच संशय होता. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. आखातात, बौशरला एका फ्लॅटमध्ये मी आणि माझी नऊ वर्षांची लेक, दोघीच राहायचो. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा एकच फोटो मी कपाटात साड्यांखाली ठेवला होता, बाकीचे सासरी पाठवून दिले. समोर दिसला की माझ्याच्यानं कामच व्हायचं नाही. घरात त्याचा विषय निघाला की मी उठून आत जायची.

लेक शाळेतून आली की मी ऑफिसातून येईपर्यंत त्या बाईकडे थांबायची. बाई गोड. अति गोड, आणि तेच मला खुपायचं. परक्या पोरीला इतका जीव कोण लावतं हो? त्यात लेकीच्या केसांना हल्ली कसल्याशा धुपाचा वास यायचा. इथं घरोघरी लोबान जळतो म्हणा, पण हा वास निराळा. आणि एक दिवस मला विचारते कशी, "आई, बाबाच्या शूजचा साइज काय होता?" गेलेल्या माणसाच्या बुटांचं माप कशाला हवंय कुणाला?

मी इंजिनियर. आम्ही बौद्ध; पिंड, श्राद्ध, करणीबिरणी आमच्या घरात चालत नाही. गावाकडच्या बायका भानामतीचं सांगायच्या तेव्हा मी तोंडावर हसायची. आणि आता ही वरची बाई मत्रहच्या बाजारात पिशव्या भरभरून झेंडू घेताना दिसली, तर माझ्या मनात काय यावं? आता लिंबं घेतेय की काय ही! माझी मलाच लाज वाटली. पण घरी येऊन कपाट उघडलं, तर फोटो नाही.

तशीच जिना चढले. दार लेकीनंच उघडलं. आत टेबलावर मेणबत्त्या, झेंडूचे ढीग, साखरेच्या कवट्या. कवट्या! एका म्हातारीचा फोटो, आणि शेजारी माझा नवरा, हसतोय.

"कुणाला विचारून आणलात हा?" मी इंग्रजीत ओरडलेच.

बाई बावरली. "तुम्हीच दिलात ना? मुलगी म्हणाली." मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली, म्हातारी तिची आई. त्यांच्याकडे वर्षातून दोन दिवस गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्या आवडीचं मांडून ठेवायचं. म्हटलं, वा! मेलेली माणसं पत्ता शोधत बौशरला येणार!

फोटो उचलायला हात पुढे केला आणि त्याच्यासमोरची बशी दिसली. चिकन नगेट्स, चॉकलेटचा डोनट, मँगो ज्यूस. माझ्या नवऱ्यानं जन्मात डोनट खाल्ला नव्हता.

"हे काय गं?"

लेकीनं बशी जरा मागे ओढली. "आंटी विचारते, त्याला काय आवडायचं, शूज कसे होते. मला काहीच आठवत नाही, आई. मग मी माझ्या आवडीचं ठेवलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पोरीजवळ बाप उरलाच नव्हता, आणि तो कुणी काढून घेतला हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. मी तिच्याजवळ खाली बसले.

"सुकट," मी म्हणाले. "तुझ्या बाबाला सुकटीची चटणी लागायची. रोज, भाकरीबरोबर."

"सुकट म्हणजे काय?" तिनं विचारलं.

सहा वर्षांची होईपर्यंत ती त्याच्याच ताटातली सुकट वेचून खायची.