दहावी चौकट

मी गंगापूर रोडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागले, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी देवळ्याकडची, घरात शेती, नोकरी करणारी पहिलीच बाई. नोकरी कायम व्हायची होती. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, "व्हरांड्याच्या लांब भिंतीवर जग घडवणाऱ्या माणसांची चित्रं काढून घ्यायची आहेत. दहा माणसं तुम्ही निवडा."

मी आठ दिवस यादी करत बसले. छपाईचा शोध लावणारा, दुर्बिणीतून आकाश पाहणारा, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस काढणारा, रेडियम शोधणारी बाई, गुलामांना मोकळं करणारा उंच अध्यक्ष, अशी एकेक नावं लिहिली. दहावं नाव आपल्या देशाची घटना लिहिणाऱ्यांचं होतं. हेडसरांनी यादीवर सही केली.

चित्रं काढायला जे पेंटर आले, ते एरवी ट्रकच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवायचे. मूळचे निफाडकडचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, राहायला शहरातल्या बौद्ध वस्तीत. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, सातवीत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं.

"बाई, फोटो दिलेत ते ठीक हाय. पण यांनी काय केलं ते सांगा. त्याशिवाय डोळे जमत नाहीत मला."

मग रोज शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची आणि ते रंगवता रंगवता ऐकायचे. रेडियमने त्या बाईची बोटं भाजली हे ऐकल्यावर त्यांनी तिचे हात नव्याने काढले. दुर्बीणवाल्याला म्हातारपणी गुडघे टेकून 'पृथ्वी फिरत नाही' असं कबूल करायला लावलं, हे सांगितलं तेव्हा त्यांचा ब्रश थांबला.

"असं खोटं बोलल्यावर झोप लागली असंल का त्यांना?"

"कोण जाणे," मी म्हणाले. वर्गात असे प्रश्न मला कोणी विचारत नसे.

नऊ चित्रं झाली. दहाव्या चौकटीत त्यांनी पेन्सिलने आखणी केली. कोट, टाय, चष्म्याचे दोन गोल. मी खुर्ची ओढली तर म्हणाले, "यांचं नका सांगू बाई. यांचं मी तुम्हाला सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. चौकटीतल्या त्या माणसाच्या हाकेवर पंचवटीतल्या देवळाच्या दारात त्यांचे वडील कसे बसले होते, अस्पृश्यांनाही आत जाऊ द्या म्हणून माणसं वर्षानुवर्षं कशी लढली, दगड कसे आले. "मी तेव्हा जन्मलोबी नव्हतो. पण बापाच्या कपाळावरची खूण लहानपणापासून बघत आलो," ते म्हणाले. मी मान हलवत ऐकत होते. परदेशातल्या क्रांत्या मला सनावळीसकट पाठ होत्या. शाळेपासून सायकलने जाता येईल अशा जागी घडलेलं हे मला धड माहीत नव्हतं. तोंडदेखलं "हो, वाचलंय" म्हणाले.

दोन दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. भिंत बघून खूश झाले आणि दहाव्या चौकटीपाशी थांबले. "सध्या वातावरण गरम आहे. उगाच वाद नको. इथे काहीतरी सुविचार लिहा," म्हणाले. हेडसरांनी मान डोलावली. अध्यक्ष गेल्यावर मला म्हणाले, "बाई, पेंटरना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात ते. आणि तुमच्या कायम होण्याचा कागद याच महिन्यात अध्यक्षांपुढे जायचाय."

मला नाही म्हणता आलं असतं. निदान खरं कारण तरी सांगता आलं असतं. मी व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "अहो पेंटर, ही शेवटची चौकट राहू दे. इथे भिंतीला ओल आहे म्हणे. चित्र टिकायचं नाही. त्यापेक्षा दोन अक्षरं लिहून टाका."

त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला.

"कोरडी हाय, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोडरबर काढलं. "काय लिहू?"

"शांतता राखा," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी ते फार सुंदर अक्षरात लिहिलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात त्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, तिथे दहावे होते ना? बाबांनी आखलं होतं."

पंचेचाळीस मुलं माझ्याकडे बघत होती.

"नऊच होते," मी म्हणाले. "खाली बस."

ती बसली. दहावी होईपर्यंत त्याच शाळेत होती, पण माझ्या तासाला तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही. मी कायम झाले.

पेंटरांच्या घरी जायला मला सात-आठ वर्षं लागली. तोवर मुलगी नर्सिंगला गेली होती. पेंटर अंगणात एका दवाखान्याचा बोर्ड रंगवत होते. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी कशीबशी म्हणाले, "तेव्हा मी खोटं बोलले. माझी नोकरी कायम व्हायची होती."

"ते तेव्हाच कळलं होतं, बाई."

"मला माफ करा."

त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "'माझी नोकरी जाईल, पेंटर,' एवढं म्हणाला असतात, तर मी स्वतःहून पुसलं असतं. नोकरी काय असती ते मला कळतं. पण तुम्ही ओल म्हणालात. आयुष्य भिंतींवर हात फिरवण्यात गेलं माझं. मला तेवढंबी कळत नाय, असं धरून चाललात. त्याचं लय लागलं. आणि पोरीला खाली बसवलंत, त्याचं."

मी घाईने म्हणाले की आता हेडसर बदललेत, ती चौकट आता रंगवता येईल, मी स्वतः परवानगी आणते.

"नको," ते म्हणाले. "आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाय काढणार." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चहा घ्या, गार होतोय."

मी चहा घेतला आणि निघाले. ते दारापर्यंत पोचवायला आले, मुलीची खुशाली सांगितली. 'माफ केलं' असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि सातवीला पंचवटीतल्या त्या लढ्याबद्दल सांगितलं. दगड सांगितले, दारात बसलेली माणसं सांगितली. मुलं ऐकत होती. एकाने विचारलं, "बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"एका पेंटरांनी," मी म्हणाले. त्यापुढचं, भिंतीच्या ओलीचं, सांगायला तोंड उघडलं आणि तशीच फळा पुसायला वळले.