आम्ही साफ केलेलं कबरस्तान

शमुवेलमामा गेल्याला दीड महिना झाला. निरोप घेऊन शेजारचा माणूस सायकलवर आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं... आता ते माझ्याकडे बघणार नाहीत. लिहितानाही लाज वाटते, पण खोटं लिहून मामांचं काय भलं होणार?

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. भोसरीच्या पुढे आमच्या गावात मिशनच्या काळातलं दगडी चर्च होतं. त्याची झाडलोट, राखण आणि घंटा मामांकडे. आमची मंडळी जेमतेम बारा घरांची, पण घंटेचा मान अख्ख्या गावाला. तिच्या आवाजानं गारा शिवाराबाहेर जातात, असं शेतकरी मानायचे. कांदा काढणीला आला आणि आभाळ भरलं की माणसं चर्चकडे धावत यायची. पाळकसाहेबांना हे पसंत नव्हतं. वाजवल्यानं कुणाचं काय बिघडतं, असं म्हणत मामा दोरी ओढायचे. तरीही गारा पडल्याच, तर गाव म्हणायचं, घंटा उशिरा वाजली.

चर्चमागे कबरस्तान होतं. नाव कोरलेले दगड आमच्यात कुणी बसवत नसे. माती दिली की घरचे तिथे एखादं रोप लावायचे, तीच ओळख. कुणाची कोरफड, कुणाचा गवती चहा. चीनच्या युद्धाच्या साली मार्थामामी बाळंतपणात गेली. तिला पानओव्याची भजी आवडायची, म्हणून मामांनी ओवा लावला आणि उन्हाळाभर घागरीनं पाणी घालून जगवला.

पुढे ती सगळी जमीन कारखान्यासाठी गेली. ज्या कबरी ओळखता येतील त्या थेरगावकडच्या नव्या जागेत हलवू, असं सरकारी साहेबांनी कळवलं. ते पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी मामा पाळकांबरोबर नवी जागा बघायला गेले होते. साहेबांपुढे आपण गबाळे दिसू नये, म्हणून आम्ही तरुणांनी कबरस्तान साफ केलं. पुढारी मीच. सगळं उपटलं, जाळलं, विखुरलेले दगड एका रांगेत मांडून चुना फासला. फार छान दिसत होतं हो.

मामा संध्याकाळी आले. ओणवे होऊन जागोजागची माती उचलून हुंगायला लागले. सगळीकडे जळक्याचाच वास. शेवटी मला म्हणाले, "तिचा ओवा कुठं हुता रं?"

मी चुना फासलेल्या रांगेतून इकडून तिकडे फिरलो, सगळे दगड सारखेच.

ओळख न पटलेल्या कबरी तिथेच राहिल्या, मामीचीही. चर्च पाडलं, घंटा कोण घेऊन गेलं ते कळलं नाही. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

पुढे त्याच कारखान्यात मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर मामांनी विचारलं की माझं मशीन कुठल्या अंगाला आहे. चर्चच्या मागच्या अंगाला, मी सांगितलं. त्यांनी पेढा तसाच हातात धरून ठेवला...

"मग तितं पाय हळू ठेव," म्हणाले.

मामांना आम्ही नव्या कबरस्तानात माती दिली, मामीपासून तीन-चार कोस लांब. ती नेमकी कुठे आहे हे मला आजही माहीत नाही, म्हणून मी सगळ्याच शेडमध्ये हळू चालतो. नव्या पोरांना वाटतं, माझे गुडघे दुखतात.