दोर बरोबर होता

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “फ्रॅक्चर शाफ्ट फीमर.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून सांगितलं, “मांडीचं हाड मधोमध तुटलंय. पण पोरगा तरुण आहे, जुळेल.”

पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ मिलिंद. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. वडील नव्हते. मिलिंदला कडे चढायचं वेड होतं. रविवारी त्यांच्या गिर्यारोहण संघाची मुलं रामटेककडच्या टेकड्यांवर सरावाला जात. तिथेच तो पडला. त्याचा जोडीदार अरुण त्याला जीपमध्ये घालून धंतोलीतल्या दवाखान्यात घेऊन आला. “दोर सुटला,” एवढंच तो सांगत होता.

मिलिंदचा पाय ट्रॅक्शनला लावला. म्हणजे पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाशी वजन लटकवलं, तुटलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढू नयेत म्हणून. ऑपरेशन नंतर होणार होतं. त्या संध्याकाळी तो कण्हत होता, पण चहा प्याला, नर्सची थट्टाही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बरळू लागला. आईला ओळखेना. श्वास धावून आल्यासारखा चालला होता. छातीवर बारीक लाल ठिपके उठले होते. मला ते घामोळं वाटलं.

डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले आणि विचारलं, “डोकं आपटलं होतं का? काही नशा केली होती? झोपेच्या गोळ्या? मी पोलीस नाही. पण नशेची गुंगी आणि आजाराची गुंगी वरून सारखीच दिसते. उपचार वेगळे असतात.”

“नाही, डॉक्टर,” मी लगेच म्हणाले. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हणत. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. मिलिंद लहानपणापासून ते आईच्या मागे म्हणत आला होता.

तेवढ्यात माझं दाराकडे लक्ष गेलं. अरुण भिंतीला टेकून उभा होता आणि खाली बघत होता. मी त्याला व्हरांड्यात नेलं.

“अरुण, तुले काही माहीत आहे का गा?”

तो म्हणाला, “ताई, संघ बंद होऊन जाईन. आमच्या सरांवर येईन सगळं.”

“अन् हा गेला तर?”

तो माझ्याआधीच आत गेला. आई पलंगाशी बसली होती. तिच्यादेखतच त्यानं डॉक्टरांना सांगितलं, “गांजा ओढला होता, सर. काल सकाळी, चढायच्या आधी. आम्ही दोघांनीबी. गोळ्या नाही घेतल्या. डोकं नाही आपटलं, मी वरून पाहून राहिलो होतो.”

डॉक्टर रागावले नाहीत. “काल सकाळचा गांजा आज असा चढणार नाही,” ते म्हणाले. “मग हे फुप्फुसाचं आहे. छातीवरचे ठिपकेही त्याचेच. फॅट एम्बोलिझम.” मोठं हाड तुटलं की आतल्या मज्जेतले चरबीचे कण रक्तात शिरतात आणि फुप्फुसात, मेंदूत जाऊन अडकतात, असं त्यांनी समजावलं. गुंगी आणणारी दुखण्याची सुई त्यांनी बंद केली आणि ऑक्सिजन लावला. त्या काळी याहून फार काही करण्यासारखं नव्हतं. वाट बघायची.

आम्ही वाट पाहिली. आई अरुणला एक शब्द बोलली नाही. तो रोज यायचा, सिलेंडर बदलताना हात लावायचा, दाराशीच बसायचा. मिलिंदनं तिला पुन्हा “आई” म्हणून हाक मारली, त्या दिवशी तिनं आपल्या डब्यातली भाकर मोडून अर्धी अरुणच्या हातावर ठेवली.

श्वास सुधारल्यावर ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीत स्टीलची लांब सळई घातली. तिला ते नेल म्हणायचे.

मग एक दिवस संघाचे सर आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, “मिलिंद, मी तो दोर दहादा तपासला. कुठं विरलेला दिसत नाही. पण दोष माझाच असेल. जुना दोर मी द्यायला नको होता.” ते राजीनामा द्यायला निघाले होते.

मिलिंद उशीवरून जरा उठला. “सर, दोर बरोबर होता. कमरेची गाठ मी मारली होती, तेच अर्धी राहिली. मी नशेत होतो.”

“मीबी पाहिली नाही गाठ,” अरुण दारातून म्हणाला. “मीबी नशेतच होतो.”

सर स्टुलावरून उठले. जाताना त्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. त्या वर्षी दोघांना संघातून काढलं. सर राहिले.

तुमच्या घरचं कोणी असं दवाखान्यात असेल, तर डॉक्टर विचारतील ते खरं सांगा. मी घराच्या अब्रूसाठी आणि अरुण संघासाठी गप्प राहिलो असतो, तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही फार लांब नेत नाही. मिलिंदला पुन्हा माणसांत आणलं त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार आहेतच. अरुणचेही आहेत.

मिलिंदचा तो पाय जरासा आखूड राहिला. पुढे सरांनी दोघांना परत घेतलं. मिलिंद पुन्हा पहिल्यांदा चढायला निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, “भेव नाही लागत का रे तुले?”

बुटाची नाडी आवळत तो म्हणाला, “लागते ना, ताई. त्या दिवशी लागलंच नव्हतं.”