बिनदाताची अपॉइंटमेंट

माझे काका सोफे बनवतात. चाळीस वर्षांत त्यांनी किती सोफे बनवले ते त्यांनाही ठाऊक नाही, पण ते सगळे तोंडात खिळे धरून बनवले, एवढं मला माहीत आहे. मूठभर बारीक खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, चुंबकाच्या हातोडीचं डोकं ओठांशी न्यायचं आणि खिळा चिकटला की ठक्कन लाकडात. कापड ताणायला दुसरा हात मोकळा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, पण काकांच्या पोटात कधी खिळा गेला नाही. दात मात्र गेले. पुढच्या दातांना आधी खाचा पडल्या, मग ते हलायला लागले, आणि मग एकेकाने निरोप घेतला.

काकूला ऐकू येत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मोठा ताप आला आणि तो जाताना कान घेऊन गेला. कुठली शाळा नाही, खुणांची भाषा नाही. काकांच्या ओठांकडे बघत बघतच ती त्यांचं बोलणं वाचायला शिकली. बाकीच्यांचं ती अर्धंमुर्धं ओळखते, काकांचं मात्र स्वल्पविरामासकट. त्यामुळे काका घरात आवाजच काढत नाहीत, नुसते ओठ हलवतात. लहानपणी मी खालच्या मजल्यावरून वर त्यांच्याकडे गेले की मला वाटायचं, दोघांचा अबोला आहे. खरं भांडण झालं तरी ऐकू फक्त काकूच यायची. आणि तोंडात खिळे असताना काका काही सांगायला गेले की ती आवाज चढवायची, "अहो, आधी खिळे थुंका, मग बोला!" हे वाक्य आमच्या सबंध जिन्याला पाठ होतं.

दातांच्या डॉक्टरकडे जा, हे सांगता सांगता काकूने स्वतःच्या दाताच्या कण्या केल्या. काका खिळ्यांना भीत नव्हते, पण डॉक्टरच्या त्या खुर्चीचं नाव काढलं की त्यांना दुकानात काम आठवायचं. मग त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले आणि काकू तीन महिन्यांसाठी तिच्या गावी गेली. तिची गाडी सुटली आणि काकांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, पुढच्याच आठवड्यात ते पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेले आणि उरलेले चौदा दात चार खेपांत काढून आले.

"तिला सांगू नकोस," मला बजावलं. "ती यायच्या आत कवळी बसते. दार उघडलं की नुसता हसणार मी."

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, हिरड्या भरू देत, सहा आठवड्यांनी माप घेऊ. शेवटचे चार दात निघाले आणि दहाव्या दिवशी त्या साथीच्या आजारामुळे सगळं बंद झालं. गाड्या बंद, दुकानं बंद, दवाखाना बंद. काकू तिकडे अडकली, दात कुठेच नव्हते, आणि काकांचं तोंड रिकाम्या पिशवीसारखं आत गेलं.

यापुढचं मला आजही नीट क्रमाने सांगता येत नाही. त्या दिवसांत रोज सकाळी नवा नियम यायचा आणि संध्याकाळी तो बदलायचा.

आधी काकांनी स्वतःच दवाखान्यात फोन केला. दात नसल्याने त्यांचं बोलणं म्हणजे नुसती हवा. रिसेप्शनवाल्या बाईंना वाटलं कोणीतरी चावटपणा करतंय, त्यांनी फोन ठेवून दिला. मग हे काम माझ्या गळ्यात आलं. मी विम्याच्या कचेरीत दावे तपासते, तेव्हा घरूनच काम करत होते. फॉर्म आणि फोन हे माझं रोजचं, मला वाटलं चुटकीसरशी होईल.

फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज होता. फक्त तातडीचे रुग्ण घेतले जातील. दुखत असल्यास एक दाबा, सूज असल्यास दोन, रक्त येत असल्यास तीन. मी काकांकडे बघितलं.

"दुखतंय का हो?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"सूज?"

नाही. रक्तही नाही. त्यांच्या हिरड्या कशा छान भरल्या होत्या. मी एक दाबला. बऱ्याच वेळाने रिसेप्शनवाल्या बाई आल्या.

"कोणता दात दुखतोय?"

"दात नाहीत."

"मग दुखतंय काय?"

"काही नाही. दातच हवे आहेत."

"मग तातडीचं नाही ना, ताई," त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. त्यांनी मला एक ऑनलाइन फॉर्म पाठवला. त्यात दातांचं चित्र होतं, बत्तीस चौकोन, आणि वर लिहिलं होतं, त्रास असलेला दात निवडा. मी बत्तीसही निवडले. फॉर्म म्हणाला, एका वेळी एकच. मी एक निवडला. पुढचा प्रश्न, हा दात हलतो का? मी काकांना वाचून दाखवलं. ते हसले, आणि मग मलाच कळेना की यावर हसू की रडू.

इकडे काकूचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. गुपित फुटू नये म्हणून काकांनी युक्ती काढली. ते घरात, स्वतःच्या खाटेवर बसून, मास्क लावून बोलायला लागले. युक्ती काढताना ते एवढंच विसरले की समोरची बाई ओठ वाचते. काकूला स्क्रीनवर दिसायचा तो नवऱ्याचा निम्मा चेहरा आणि त्यावर एक निळी पट्टी.

"मास्क काढा," ती म्हणायची. काका हात हलवून नाही म्हणायचे.

चौथ्या दिवशी तिचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला झालाय का तो?"

तेव्हा घाबरून काकांनी मास्क काढला आणि भराभर बोलायला लागले. नाही गं, मला काही नाही, मी ठणठणीत. पण दात नसले की ओठ आत वळतात, शब्दांचे आकारच राहत नाहीत. काकूने मिनिटभर निरखून बघितलं. तिच्या वडिलांना शेवटी पक्षाघात झाला होता, त्यांचं तोंड असंच बसलं होतं आणि असंच नुसतं हलायचं. तिने फोन उलटा ठेवला. आम्हाला कितीतरी वेळ त्यांच्या टेबलाचा काळोख दिसत होता.

मी तिला लिहून पाठवलं की काकांनी दात काढून घेतलेत, बाकी सगळं ठीक आहे. उत्तर आलं, "सगळे? ते आणि डॉक्टरकडे? माझ्याशी खोटं बोलू नकोस." काकांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मी बरा आहे, आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. काकांचं अक्षर मुळात तिरकं. काकू म्हणाली, हातही गेलाय त्यांचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलतबहिणीचा फोन. कडेवर पाच आठवड्यांचं बाळ रडतंय आणि ती सांगतेय, आईने बॅग भरली. गाड्या नाहीत तर चालत निघते म्हणते. सकाळी फाटकापर्यंत गेली होती, मी अडवून आणलं. काकूला साखर, काकूला दमा, रस्त्यावर तो आजार, आणि मध्ये अडीचशे किलोमीटर.

त्याच दुपारी मी जे केलं ते फक्त विम्याच्या कचेरीतला माणूसच करू शकतो. आमच्याकडे एक रकाना रिकामा राहिला की फॉर्म परत येतो. वीस वर्षं लोकांना हेच ऐकवत आले मी, काही रिकामं सोडू नका. तेव्हा तो दवाखान्याचा फॉर्म मी पुन्हा उघडला आणि एकही रकाना सोडला नाही. वेदना, हो. सूज, हो. रक्त, हो. ताप, हो. खोकला, हो. चव गेलीय का? तीही. म्हटलं, आता बघू कसे तातडीचे होत नाहीत ते.

झाले की. ताप-खोकला बघून दवाखान्याने पालिकेला कळवलं आणि तासाभरात नखशिखान्त पांढऱ्या कपड्यातले दोन जण जिन्यात उभे. काकांच्या दारावर कागद चिकटला, चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काका दारात उभे राहून मला विचारत होते, "अगं पण मला ताप कुठाय?" आणि तो ताप मीच फॉर्मवर चढवला होता. चाचणीत काहीच निघालं नाही, तरी कागद चौदा दिवस तसाच राहिला, कारण कागद काढणारे वेगळे होते. मला स्वतःचा इतका राग आला की दोन दिवस मी घरात माझ्या आईशीसुद्धा बोलले नाही. काकूला यातलं काही कळवायचं नाही असं ठरलं, आणि ते तिला शेजारणीच्या मेसेजवरून कळलं. त्यानंतर तिने काकांचा कॉल घेणंच सोडलं. मेलेलं माणूस फोनवर बघायचं नाही, असं ती म्हणाली म्हणे. बॅग दाराशीच होती.

पंधराव्या दिवशी मी रिसेप्शनवाल्या बाईंना फोन केला आणि पहिल्यांदाच फॉर्ममधलं काही न सांगता सगळं खरं सांगितलं. खिळे, काकू, ओठ, बॅग, माझा शहाणपणा, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थांबा, डॉक्टरबाईंना विचारते." संध्याकाळी निरोप आला, मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी. पाच नाही, पंधरा नाही. एकट्याने यायचं.

"एकटे आले तर ते काय बोलतात ते तुम्हाला कळणार नाही," मी म्हटलं.

"इतक्या मास्कांतून आम्ही काय बोलतो ते तरी त्यांना कुठे कळणार आहे," त्या म्हणाल्या. "या दोघं."

पहिल्या खेपेला माप झालं, दुसरीला काहीतरी मेणाचं चावायला लावलं. डॉक्टरबाई दोन मास्क, त्यावर काच, त्यावर टोपी अशा थाटात. त्या आतून काहीतरी म्हणायच्या, काका मोघम मान हलवायचे, मी प्लास्टिकच्या पडद्यामागून ओरडून विचारायचे, काय म्हणाल्या? कोणालाच काही कळत नव्हतं, तरी काम पुढे जात होतं.

तिसऱ्या खेपेला मेणात रोवलेले दात आले. हे कच्चे, अजून बदलता येतात, पक्के झाले की नाही. बाईंनी ते काकांच्या तोंडात बसवले आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर भरत गेला, आधी गाल, मग ओठ. इतके दिवस मी एका म्हाताऱ्याला सांभाळत होते, ते माझे काका होते हे मला तेव्हा आठवलं.

"साठपासून सत्तरपर्यंत मोजा," बाई मोठ्याने म्हणाल्या. "स नीट येतो का बघू. आणि घरच्यांना दाखवून घ्या, पसंत आहेत का."

मी चुलतबहिणीला व्हिडिओ लावला. म्हटलं, काही कर, फोन काकूच्या तोंडासमोर धर. काकू नको नको म्हणत असतानाच बहिणीने धरला. मी पडद्याच्या फटीतून हात घालून माझा फोन काकांसमोर नेला.

काकांनी काकूला बघितलं. आणि काकू समोर आली म्हटल्यावर त्यांचा आवाज बंद झाला, चाळीस वर्षांची सवय. नुसते ओठ हलायला लागले. बाई म्हणाल्या, "मोठ्याने मोजा, मला ऐकू येत नाहीये." काका ऐकतच नव्हते. काकूने तोंड फिरवलेलं होतं, ते हळूहळू वळलं. ती स्क्रीनच्या इतकी जवळ आली की नुसते तिचे डोळे दिसत होते. ते काय बोलतायत, मला काही पत्ता लागत नव्हता. कॉल तुटेल, फोनची बॅटरी संपेल, बाई ओरडतील, मला काहीही वाटत होतं.

ओठ थांबले.

मग काकूचा तो सपाट, मोठा आवाज सबंध दवाखान्यात घुमला. "चौसष्ट राहिलं."

काका फक्त आकडे मोजत होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेवढंच.

त्यांनी मान डोलावली आणि चौसष्ट म्हटलं. मग आणखी काही म्हणायला गेले, पण ओठ थरथरायला लागले, हनुवटी हलायला लागली, आणि शब्दांचा पुन्हा लगदा झाला. काकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ओरडत होती, "अहो, आधी खिळे थुंका, मग बोला!"

"कसले खिळे?" डॉक्टरबाई दचकून पुढे धावल्या. "ह्यांच्या तोंडात खिळे आहेत?"

मला हुंदका आवरेना. पडद्यापलीकडे रिसेप्शनवाल्या बाई चेहऱ्यावरच्या काचेखाली हात घालून डोळे पुसायला बघत होत्या. काका हसत होते आणि डॉक्टरबाई त्यांना ओरडत होत्या, हसू नका, मेण सुटेल.

काकू पलीकडे मान वळवून मुलीला म्हणाली, "दात जरा मोठे वाटतायत. पण राहू देत." आणि मग, "ती बॅग उघड गं. कपडे परत कपाटात लाव."